सर्व्हर आग्रह करत नाही

लोकांना खुर्चीत बसायला शिकवणं हा माझा धंदा होता. हसू नका. चालायला आई शिकवते, पळायला कुत्रा शिकवतो, पण एका जागी बसून समोरच्या यंत्राशी सभ्यपणे वागायला विरार पूर्वेला फक्त मी शिकवत असे. नव्वदच्या दशकात ते यंत्र टाइपरायटर होतं, पुढे कॉम्प्युटर झालं. खुर्च्या त्याच राहिल्या. त्यातल्या दोन अजून माझ्या घरी आहेत. त्यांच्यावर बसलेला पाहुणा आपोआप ताठ होतो आणि लवकर उठतो.

चंदनसारच्या रस्त्याला, फरसाणाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर आमची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. सगळी मशिनं एकदम चालू झाली की खालच्या दुकानातली पापडी आपसूक मोडून तिची शेव व्हायची. हे मी म्हणत नाही, तो फरसाणवालाच गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि भाव मात्र शेवेचा लावायचा. मग टायपिंगचे दिवस सरले. मशिनं भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या घरातून यावर असं म्हणणं आहे की ती धूळ होती. असो. त्या जागी कॉम्प्युटर आले, आणि दोन हजार सालानंतर काही वर्षांनी एका विद्यापीठाने ऑनलाइन एम.ए. आणि एम.कॉम. सुरू करून वसई-विरारचं अभ्यासकेंद्र म्हणून माझी जागा पसंत केली. विद्यापीठाचं नाव मी सांगत नाही. ते चांगलं होतं, माझ्यामुळे उगाच त्याच्याबद्दल शंका यायला नको.

आता हे काम काय असतं ते सांगतो. पदवी घेऊन नोकरीला लागलेली, संसारात पडलेली माणसं पुढे शिकायचं म्हणून नाव घालायची. धडे वेबसाइटवर. चर्चेसाठी तिथेच एक फळा, त्यावर प्रत्येकाने आपलं म्हणणं लिहायचं आणि दुसऱ्याला उत्तर द्यायचं. आठवड्यातून एकदा प्राध्यापक ठरलेल्या वेळी हजर असायचे, तेव्हा सगळ्यांनी आपापल्या गावाहून एकाच वेळी टाइप करत बोलायचं. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. या माणसांना पहिलं सत्र सुरू होण्याआधी तयार करणं माझ्याकडे होतं. त्याला मी 'तयारी वर्ग' म्हणायचो.

लोकांना वाटे मी कॉम्प्युटर शिकवतो. कॉम्प्युटर कुणीही शिकतं. माउस धरायला एक दिवस लागतो, पासवर्ड विसरायला अर्धा. खरी अडचण वेगळीच होती. कॉलेजात जाणारा माणूस चपला घालतो, दाराबाहेर पडतो, घरच्यांना दिसतं की हा शिकायला गेला. घरात खुर्चीवर बसलेला माणूस रिकामा दिसतो. रिकाम्या माणसाला दळण आणायला सांगतात. म्हणून माझे दोन नियम होते. पहिला, वर्गाच्या पहिल्या दिवशी विद्यार्थ्याने घरचं एक माणूस बरोबर आणायचं, कारण अर्धं शिक्षण त्या माणसाचं करायचं असे. दुसरा नियम चपलांचा. अभ्यासाची वेळ झाली की नीट कपडे करायचे, चपला घालायच्या, "येतो" म्हणून सांगायचं, बिल्डिंगला किंवा वाडीला एक फेरी मारायची आणि परत येऊन कॉम्प्युटरसमोर बसायचं.

हा नियम ऐकून माणसं एकमेकांकडे बघायची. पण पाळायची. आमच्याच भागात राहणारे देवस्थळी नावाचे गृहस्थ होते, मुंबईत एका कंपनीत हिशेबनीस. फेरी मारून ते घरात येऊन बसले, तेवढ्यात गॅसवाला आला आणि साहेब आहेत का विचारू लागला. वहिनींनी आतून सांगितलं, "ते कॉलेजात गेलेत." देवस्थळी त्याच खोलीत बसून धडा वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

देवस्थळी एम.ए.ला अर्थशास्त्र घेऊन बसले होते आणि त्याच तुकडीत वसईजवळच्या गिरीज गावची वैशाली होती. पहिल्या दिवशी सगळे कुणी बायको, कुणी भाऊ घेऊन आले, वैशाली सासऱ्यांना घेऊन आली. आबा. केळी-नारळाची वाडी, करड्या मिशा, धुवट पांढरा सदरा. घरात त्यांची बोली अशी की मला पहिली काही वर्षं फक्त "या" आणि "जेवा" एवढंच कळायचं, पण परक्या माणसाशी, त्यातून मास्तराशी, आबा पुस्तकातलं मराठी बोलायचे आणि नवीन बूट घातल्यासारखे जपून बोलायचे. त्यांनी सुकेळी आणली होती. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि केळीच्या वाळक्या सोपटात बांधून ठेवायची, ती सुकेळी. वसईबाहेरच्या माणसाला एकदा दिली की तो वसईत फ्लॅट बघायला लागतो. आमची लोकसंख्या अशी वाढली आहे.

मी सोपट सोडून सुकेळी ताटलीत ठेवली आणि ताटली फिरवली. वर्गभर फिरून ती जशीच्या तशी परत आली. सगळ्यांना हवी होती, मला डोळ्यांत दिसत होतं, पण एकाने हात लावला नाही. फक्त देवस्थळींनी एक उचलली, खाल्ली, दुसरी उचलली आणि मग तेच उठून प्रत्येकाच्या पुढे ताटली धरून म्हणू लागले, "घ्या हो. अहो, घ्या. एक घ्या माझ्यासाठी." ताटली रिकामी झाली. मी तेव्हा हसलो आणि विसरलो.

मग आबांनी प्रश्न टाकला. "सर, सूनबाई घरातच बसणार. मग ती शिकायला जाणार कुठे?"

मी चपलांचा नियम सांगितला. आबांनी तो मिशीवरून हात फिरवत तोलून पाहिला. "म्हणजे देवळात न जाता देवाला प्रदक्षिणा."

"जवळजवळ."

"चालेल. पण आमचा पंप लागला की घरातला बल्ब मरतो. तुमचा कॉम्प्युटर कसा जगेल?"

हा माणूस तयारी वर्ग न करताच तयार होता. तो काळ भारनियमनाचा. मुंबईत रात्रंदिवस दिवे, आणि आमच्याकडे लाइट येई ती पाहुण्यासारखी. आली तरी व्होल्टेज असं की बल्ब लागला आहे की नाही हे बघायला मेणबत्ती लागे. त्यात लाइट आली की वाड्यांतले सगळे पंप एकदम सुरू होत. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून. मॉडेम जोडणी करताना असा कोकलायचा की राजोडीच्या किनाऱ्यावरची कुत्री त्याला उत्तर द्यायची. राजोडी आमच्यापासून किती लांब आहे ते कृपया नकाशात बघू नका.

तर त्याच बैठकीत ठरलं की लाइट आल्यावर आधी वैशालीचा तास आणि मग आबांचा पंप. शेतकरी माणसाने उन्हाळ्यात पाण्याची वेळ सुनेला देणं काय असतं, हे वाडीवाल्याला विचारा.

वैशाली वसईच्या एका ज्युनिअर कॉलेजात तासावर अर्थशास्त्र शिकवत असे. पदवीवर तात्पुरतं घेतलं होतं. प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की एम.ए. चालू आहे तोवर तास चालू. एम.ए. सुटलं की जूनपासून दुसरं माणूस. लग्नानंतर गाठलेली तिची ही पहिली नोकरी. वर्गात उभी राहिली की बाकांवरची साठ पोरं गप्प, असं तिची एक विद्यार्थिनी माझ्याकडे कॉम्प्युटर शिकायला यायची ती सांगे. मलाही मुलगी हुशार वाटली होती. तयारी वर्गात मी सांगायचो त्यातला एक शब्द तिने खाली पडू दिला नाही. मी निर्धास्त होतो.

दुसरं सत्र अर्ध्यावर आलं आणि पुण्याहून मॅडमचा फोन आला. अर्थशास्त्र त्या शिकवायच्या. कडक, पण न्यायी. म्हणाल्या, "सर, तुमच्या केंद्रातल्या वैशालीबाईंचं नाव काढावं लागणार. त्या येतच नाहीत."

"कुठे येत नाहीत?"

"चर्चेत. पहिल्या सत्रात मी सांभाळून घेतलं. स्वाध्याय उत्तम असतात, पण चर्चेत एक ओळ नाही. निम्मे गुण त्याचे आहेत. माझ्याकडे त्या कायम गैरहजर दिसतात."

मला वाटलं मॉडेम बिघडला असेल, आबांनी पंप लावला असेल, काहीतरी घरात झालं असेल. मी स्कूटर काढली आणि गिरीजला गेलो. दुपारची वेळ, मॅडमच्या साप्ताहिक तासाचीच. अंगणात सुपाऱ्या वाळत होत्या, आबा केळीच्या पानांची गड्डी बांधत होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवून मला थांबवलं.

"सूनबाई कॉलेजात आहे," ते कुजबुजले.

मी आत डोकावलो. वैशाली कॉम्प्युटरसमोर बसलेली. इस्त्रीची साडी, अंबाड्यात अबोलीचा गजरा, शेजारी वही, पाठ सरळ. माझ्या खुर्च्यांवर शिकलेली पाठ, लगेच ओळखू येते. पडद्यावर मॅडमचं वाक्य उमटे, देवस्थळींचं उमटे, आणि ही प्रत्येक वाक्य वाचून मान डोलवत होती. मान डोलवत होती, कॉम्प्युटरकडे बघून. तास संपला. तिने पडद्याला नमस्कार केला आणि बंद केला.

"वैशाली, तू काही लिहिलं नाहीस?"

"नाही सर."

"कधीच लिहिलं नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही." तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "मी रोज हजर असते सर. एकही तास चुकवलेला नाही, ताप होता तेव्हासुद्धा. मॅडम सगळ्यांना म्हणतात, 'आपली मतं मांडा.' पण नाव घेऊन म्हणत नाहीत. मग मध्येच कसं बोलायचं? बाकीचे काय म्हणतील?"

मी तिला सांगितलं की त्या यंत्राला लिहिणारा तेवढाच दिसतो. वाचणाऱ्याची त्याच्याकडे खूण उठत नाही. मॅडमच्या लेखी ती वर्गात नव्हतीच. कधीच नव्हती. आणि आता नाव कापलं जाणार.

ती गजऱ्याला हात लावून बसली. मी खूप विद्यार्थी नापास होताना पाहिले आहेत, पण गैरहजर ठरलेला हजर विद्यार्थी पहिल्यांदाच बघत होतो.

बाहेरून आबा म्हणाले, "सर, म्हणजे हिला आग्रह केला नाही कुणी."

तेव्हा माझ्या डोक्यात ती सुकेळीची ताटली फिरली. आपल्याकडे भुकेला माणूससुद्धा पहिल्यांदा "नको" म्हणतो. मग वाढणारा म्हणतो, "घ्या हो." पुन्हा "नको." मग वाढणारा पानावर वाकतो, पाहुणा पानावर हात आडवा धरतो, वाढणारा बोटांच्या फटीतून जिलबी सोडतो आणि पाहुणा नाइलाजाने चार खातो. याला आपण शिष्टाचार म्हणतो. असं वाढलेल्या, असं वाढवलेल्या मुलीला आपण एका पंगतीत बसवलं होतं जिथे वाढपीच नव्हता. ती पानावर नीट बसून होती, हात जोडून, कुणीतरी येईल म्हणून.

"वैशाली," मी म्हटलं, "सर्व्हर आग्रह करत नाही. तू एकदा नको म्हणालीस की तो पान उचलून नेतो. गप्प बसणं म्हणजे त्याच्या हिशेबी नकोच."

"हे तयारी वर्गात नव्हतं, सर," ती हळूच म्हणाली.

नव्हतं. आधीच्या तुकड्यांतून गळालेली माणसं माझ्या डोळ्यांपुढून गेली. त्यांतली किती जणं अशीच गजरा माळून बसून राहिली असतील, ते आता कळायला मार्ग नाही.

मी पुण्याला फोन लावला. सगळं सांगितलं. जरा तिखटमीठ लावून सांगितलं, तिला एकशे दोन ताप होता हे माझं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "येत्या शनिवारी चार ते पाच, तासभराची चर्चा त्यांनी चालवायची. विषय, शेतमालाचा भाव कोण ठरवतं. सगळ्या वर्गाला बोलतं करायचं. जमलं तर मागचं मी भरून काढायला देईन. नाही जमलं तर माझा नाइलाज आहे."

शनिवार दुपारी चार. विरारला आमच्या केंद्रात त्या वेळी लाइट नसायची. गिरीजला तीन वाजता यायची. म्हणजे घरीच करायचं. पण मार्च महिना, केळी तहानलेली, आणि लाइट आली की गावातले सगळे पंप लागणार. आबांचा एकट्याचा पंप बंद ठेवून काय होणार? व्होल्टेज तर साऱ्या गावाचं जाणार.

आबा म्हणाले, "ते माझ्यावर सोडा."

शुक्रवारी संध्याकाळी आबा वाडी वाडी फिरले. मला नंतर गावातल्यांनी सांगितलं. प्रत्येक ओट्यावर बसायचे, चहा नको म्हणायचे, मग घ्यायचे, मग विषय काढायचे. "उद्या चार ते पाच पंप लावू नका. सूनबाईची परीक्षा आहे." समोरचा म्हणे, "आबा, केळी सुकेल." आबा म्हणायचे, "एक तासात केळी सुकत नाही. सूनबाई सुकेल." मग समोरचा नको नको म्हणे आणि तो हो म्हणेपर्यंत आबा उठत नसत. आग्रहात वाडीवाल्याचा हात कोण धरणार.

माझ्याकडून मी देवस्थळींना तयार केलं. देवस्थळींचा उलटा रोग होता. ते चर्चेत प्रत्येकाच्या खाली "सहमत आहे. फार छान" असं लिहायचे, एकदा तर स्वतःच्याच मतालाही सहमत झाले होते. त्यांना म्हटलं, "तुम्ही शनिवारी ऑफिसातून बसा. वैशालीचा प्रश्न आला की लगेच लोकांना आग्रह सुरू करा. सुकेळीला केला होता तसा."

"सर, काळजीच करू नका," देवस्थळी म्हणाले. ते असं म्हणाले की मी काळजी करायचो.

शनिवारी मी तीनलाच गिरीजला पोचलो. लाइट आली. आबा पंपघराच्या दारात खुर्ची टाकून बसले होते, स्टार्टरला पाठ लावून, कुणी चोरून लावू नये म्हणून. घरातला दुसरा टेलिफोन त्यांनी उचलून केळ्यांच्या कोठारात नेऊन ठेवला होता, कारण कुणी तो कानाला लावला की नेट तुटे. चारला पाच मिनिटं कमी असताना साऱ्या गावात एकही पंप चालू नव्हता. अशी शांतता गिरीजने पोर्तुगीज गेल्यापासून ऐकली नसेल. आणि व्होल्टेज? बल्ब सूर्यासारखा पेटला, पंखा असा फिरला की भिंतीवरचं कॅलेंडर पुढच्या महिन्यावर गेलं.

वैशालीने चपला घातल्या, "येते" म्हणाली, वाडीला फेरी मारून आली आणि बसली. चार वाजता तिने पहिला प्रश्न टाइप केला: तुमच्या गावात शेतमालाचा भाव कोण ठरवतं?

पडदा कोरा.

तिने वाट पाहिली. मी वाट पाहिली. पुण्याला मॅडम वाट पाहत असणार. नांदेड, सोलापूर, सांगली, जळगाव, सगळीकडची माणसं आपापल्या खुर्चीत बसून होती आणि एकही बोट हलत नव्हतं. मग एक ओळ उमटली. देवस्थळी. "सहमत आहे. फार छान."

प्रश्नाशी सहमत होणारा माणूस मी आयुष्यात तेवढा एकच पाहिला.

"सर," वैशालीचा आवाज बारीक झाला, "कुणीच बोलत नाही."

"ते पण तुझ्यासारखेच आहेत," मी म्हटलं. "पानावर बसलेत. तुझ्या घरी पंगत बसली आणि सगळे नको नको म्हणायला लागले तर तू काय करतेस?"

तिने मागे न बघता उत्तर दिलं. "ज्याला जे आवडतं ते लक्षात ठेवते आणि तेवढंच घेऊन त्याच्या पानाशी जाते."

एवढं बोलली आणि थांबली. मग बोटं कीबोर्डवर टेकली, आणि हो, नीट टेकली, मधल्या ओळीवर, जशी मी इतकी वर्षं पोरांना टेकवायला सांगत आलो.

तिने लिहिलं: पवार सर, परभणी. पहिल्या सत्रात पहिल्याच आठवड्यात तुम्ही विचारलं होतं, इथे कुणी आहे का. तुम्हाला कुणी उत्तर दिलं नाही. मी होते. आज सांगते. तुमच्याकडे कापसाचं कसं असतं, तुम्ही सांगा.

 मग परभणीहून एक ओळ आली. "ताई, तुम्ही होता?" आणि मग कापूस. कापसावर कापूस. पवार सर शाळामास्तर, त्यांच्याकडे वर्षभराचं साठलेलं होतं, ते आता फळाभर सांडलं.

तिने कुणालाही सोडलं नाही. सोलापूरच्या शेख मॅडमनी कधीतरी लिहिलं होतं की त्यांचे भाऊ बाजार समितीत हमाल आहेत. त्यांना तिने विचारलं, गोणी उचलणाऱ्याला भाव कळतो का. सांगलीच्या एका मुलाने हळदीवर अर्धं वाक्य लिहून सोडून दिलं होतं, त्याला तिने ते वाक्य परत दिलं आणि म्हटलं, पूर्ण करा. ज्या महिन्यांत ती गैरहजर होती त्या महिन्यांत तिने सगळ्यांचं सगळं वाचलं होतं, आणि वाचणाऱ्या माणसाला जे ठाऊक असतं ते बोलणाऱ्याला कुठून असणार. जळगावचं एक माणूस, ज्याचं तुकडीच्या यादीत नाव होतं पण ज्याने आजवर एक अक्षर लिहिलं नव्हतं, तिच्यासारखंच, त्याला तिने लिहिलं: तुम्हीही असता, मला माहीत आहे. आमच्या वसईची केळी आणि तुमची केळी यांचं भांडण आहे. आज तुम्ही भांडा.

ते भांडलं. आठ ओळी भांडलं.

मग तिने वाडीची गोष्ट लिहिली. आबा पहाटे केळी घेऊन बाजारात उभे राहतात, दलाल घड बघत नाही, आबांकडे बघतो. माणूस किती थकलाय त्यावरून भाव ठरतो. ही ओळ पुस्तकात नव्हती. देवस्थळींनी "सहमत आहे" लिहिलं आणि या वेळी ते बरोबर होते.

पाचला मॅडमचं वाक्य उमटायला लागलं. "वैशालीबाई, आजच्या चर्चेबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे की"

पाच वाजले. गिरीज गावाने शब्द दिला होता तो तासाचा, आणि तो त्यांनी पाळला, वर एक मिनिट नाही. सगळे पंप एकदम सुरू झाले. बल्ब मेला, पंखा थांबला, पडदा काळा झाला.

आम्ही दोघं काळ्या पडद्याकडे बघत बसलो. आबा दारात आले. "काय म्हणाली मॅडम?"

"पंप म्हणाला, आबा," वैशाली म्हणाली.

शनिवार, रविवार त्या घरात कुणी नीट जेवलं नाही. मीही नीट जेवलो नाही, म्हणजे रविवारी दोनदाच जेवलो. सोमवारी सकाळी माझ्या केंद्रात फोन वाजला.

"सर," मॅडम म्हणाल्या, "ही बाई इतके दिवस होती कुठे?"

"होती तिथेच," मी म्हटलं.

त्यांनी मागचं भरून काढायला मुदत दिली. वैशालीने भरलं. एम.ए. झालं, आणि पुढे कॉलेजात तिची जागा कायम झाली. देवस्थळीही पास झाले. पुढच्या प्रत्येक तुकडीत मी पहिल्या दिवशी एक वाढपी नेमायला लागलो. त्याचं काम एकच, रोज एका गप्प माणसाला नावाने हाक मारायची. विद्यापीठाला ही पद्धत आवडली आणि त्यांनी तिला एक लांबलचक इंग्रजी नाव दिलं. मी वाढपीच म्हणत राहिलो.

केंद्र बंद होऊन आता बरीच वर्षं झाली. भारनियमन गेलं, मॉडेम गेला, खाली फरसाणाच्या जागी मोबाइलचं दुकान आलं, आणि माझी खुर्चीत बसवायची विद्या कुणाला नको झाली, कारण आता लोक खुर्चीतून उठतच नाहीत.

मध्ये गिरीजहून जेवायचं बोलावणं आलं. आबा थकलेत पण मिशा तशाच. वैशाली वाढत होती. वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या, आणि असं बिरडं की त्याच्या वासाने माझं वजन अंगणातच किलोभर वाढलं होतं. पहिलं वाढणं संपलं. तिने पातेलं पुढे केलं.

"सर, बिरडं?"

"नको नको, पुरे," मी म्हटलं आणि हात आडवा धरला, बोटांत चांगली फट ठेवून.

"बरं," ती म्हणाली आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

मी हात तसाच धरून बसलो. आबा मान खाली घालून जेवत होते, पण खांदे हलत होते. वैशाली पातेलं घेऊन आत जायला वळली.

"वैशाली," मी म्हटलं, "मला आणखी बिरडं हवंय."

ती परत आली, झाकण काढलं आणि पळी भरून वाढलं.

"लागली हजेरी, सर," ती म्हणाली.